सण सरल्यावरचं स्वयंपाकघर: उरलेल्या पदार्थांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गौरी जेवून गेल्या किंवा भाऊबीज आटोपली, की दुसऱ्या दिवशी ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक घरांत सारखंच चित्र असतं. फ्रीजचं दार धड लागत नाही, ओट्यावर डब्यांची उतरंड असते आणि आठ वाजता दमून घरी आलेल्या माणसाला नवा स्वयंपाक करायची ताकद नसते. त्याच दिवसांत वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी ओलावा आहे. ज्या पदार्थात पाणी जास्त तो लवकर नासतो. ज्यात पाणी नाही तो टिकतो, पण खाडीकाठच्या दमट हवेतून पाणी ओढून मऊ पडतो. हे लक्षात ठेवलं तर इथे नसलेल्या पदार्थाचाही अंदाज तुम्हाला करता येईल. प्रमाणात जिथे वाटी म्हटलं आहे, तिथे आमटीची साधारण १५० मिलीची वाटी धरा.

१. उरलेलं जेवण किती दिवस चालतं? वास आला नाही म्हणजे चांगलं, असं धरायचं का?

नाही. आंबूस वास, बुळबुळीतपणा, बुरशी ही लक्षणं उशिरा दिसतात. पोट बिघडवणारे बरेच जिवाणू वास किंवा चव न बदलताही वाढतात. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की ते झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडे स्वयंपाकघराचं तापमान बाराही महिने याच टप्प्यात असतं. म्हणून गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत उरलेलं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा एप्रिल-मे मध्ये एका तासातच.

फ्रीजमध्ये ठेवल्यावर भात एक दिवस, ओलं खोबरं घातलेली आमटी किंवा भाजीही एकच दिवस, साधं वरण आणि बिननारळाच्या भाज्या दोन दिवस, पुरण आणि मोदकाचं सारण तीन-चार दिवस. यापुढे ढकलू नका. बाहेर काढताना लागेल तेवढंच काढा आणि ते एकदाच, आतपर्यंत वाफाळेल असं गरम करा. अख्खं पातेलं तीनदा उकळून तीनदा परत ठेवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

२. गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणतात. मग गार होईपर्यंत रात्रभर ओट्यावर ठेवलं तर?

पहिला भाग बरोबर, दुसरा घातक. उकळतं पातेलं आत ठेवलं तर फ्रीजमधलं तापमान वाढतं आणि वाफेचं पाणी बाकीच्या डब्यांवर साचतं. पण ‘गार होऊ दे’ म्हणून रात्रभर बाहेर ठेवलेलं पातेलं मधोमध कितीतरी तास कोमट राहतं.

मार्ग सोपा आहे. परातीत गार पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा आणि अधूनमधून ढवळा. पाणी कोमट झालं की बदला. तीन-चार लिटर आमटी अर्ध्या तासात कोमटपर्यंत येते. मग उथळ डब्यांत, दोन-अडीच इंचांपेक्षा जाड थर होणार नाही अशी भरा. भात परातीत पसरला की वीस मिनिटांत गार होतो.

३. भात पुन्हा चांगला गरम केला की दोष जातो ना?

जात नाही, म्हणूनच भाताला एकच दिवस दिला आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातूनही तगून राहतात. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात, ते गरम केल्याने नष्ट होत नाही. रात्री बाहेर राहिलेला भात सकाळी कितीही खमंग फोडणीत परतला तरी तो दोष तसाच राहतो. तो टाकून द्यायला जीव तुटतो हे खरं, पण तो भात घरच्यांना वाढू नका.

वेळेत फ्रीजमध्ये गेलेल्या भाताचा फोडणीचा भात मात्र ताज्यापेक्षा छान होतो, कारण गार झालेली शितं कडक होऊन सुटी राहतात. तीन वाट्या भात आधी ओल्या हाताने मोकळा करा. दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या, मूठभर शेंगदाणे, एक कांदा. कांदा मऊ झाल्यावर हळद, मग भात, मीठ, चिमूटभर साखर. वरून दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा आणि मंद आचेवर पाच मिनिटं दणदणीत वाफ आणा. भाताचे गोळे तसेच कढईत टाकून उलथण्याने फोडायला गेलात, तर शितं मोडतात आणि गोळ्याचं पोट गार राहतं.

४. पोळ्या रोज उरतात. फोडणीच्या पोळीशिवाय काही आहे का?

फोडणीची पोळीच बऱ्याच घरी नीट होत नाही, म्हणून आधी तिचं पाहू. मिक्सर सलग फिरवला की पिठासारखा भुगा होतो आणि फोडणीत त्याचा लगदा बनतो. पोळीचे तुकडे थोडे थोडे घालून मिक्सर दोन-तीनदा नुसता चालू-बंद करा. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. सहा पोळ्यांना दोन कांदे आणि पाव वाटी ताक. ताक शिंपडून वाफ आणली की घशाला कोरडं लागत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे पोळीचा लाडू. चार मध्यम पोळ्यांचा बारीक भुगा, अर्धी वाटी चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे तूप, थोडी वेलची. तुपात गूळ घालून मंद आचेवर फक्त विरघळू द्या. कडेला पहिला बुडबुडा दिसला की गॅस बंद. तिथे अर्धा मिनिट जास्त गेलं तर पाक होतो आणि लाडू दगडासारखे बसतात. भुगा मिसळून कोमट असतानाच वळा. सात-आठ लाडू होतात आणि शाळेच्या डब्याला चालतात.

तिसरं म्हणजे कडकण्या. पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे तव्यावर अगदी मंद आचेवर वाळवा, वरून तिखट-मीठ-जिरेपूड. पूर्ण वाळले तर घट्ट डब्यात आठवडाभर राहतात.

५. वरण आणि आमटी कालचीच आहे हे कोणाला कळू नये असं काय करता येईल?

वरणफळं करा. कुणी त्यांना चकोल्या म्हणतात. एका पातेल्यात पूर्ण जेवण होतं, सोबत काहीच लागत नाही, आणि उशिरा घरी आल्यावर याहून सोपं काही नाही.

दोन वाट्या घट्ट वरणात तीन वाट्या पाणी घाला. एक वाटी कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून पुरीइतकी घट्ट भिजवा. लसणाची फोडणी, त्यावर वरण, दोन-तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापा. वरण खळखळा उकळत असतानाच तुकडे एकेक करून सोडा. फळं गोळा होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, की उकळी नव्हती किंवा सगळे तुकडे एकदम लोटले. दहा-बारा मिनिटं मध्यम आच, मध्ये दोनदाच हलक्या हाताने ढवळणं. ताटात वाढेपर्यंत ती आळून घट्ट होतात, म्हणून कपभर गरम पाणी जवळ ठेवा. वर तूप हवंच.

वरण वाटीभरच असेल तर त्यातच कणीक, थोडं बेसन, तिखट आणि कोथिंबीर घालून पाणी न घालता भिजवा आणि पराठे लाटा.

६. मोदक झाले, पण उकड उरली किंवा सारण उरलं. दोन्ही एकदम कधीच संपत नाहीत!

उकड उरली तर निवगऱ्या. वाटीभर उकडीला एक मिरची आणि अर्धा चमचा जिरं यांचं वाटण, कोथिंबीर आणि मीठ लावा, तेल-पाण्याच्या हाताने मळा, छोट्या चपट्या वड्या थापून मध्ये अंगठ्याने खळगा करा आणि मोदकांच्याच चाळणीत आठ-दहा मिनिटं वाफवा. खळग्यात कच्चं तेल किंवा तूप घालून गरम खा. गोड खाऊन कंटाळलेल्या तोंडाला दुसरं काही सुचत नाही.

उकड मात्र त्याच दिवशी संपवावी. फ्रीजमध्ये ती कडक होते आणि मळताना तडे जातात. ठेवावीच लागली तर दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून तीन-चार मिनिटं वाफ द्या आणि गरम असतानाच मळा. गार उकड कितीही मळली तरी मऊ होत नाही.

सारण उरलं असेल तर गणपतीच्या दिवसांत बाजारात मिळणाऱ्या हळदीच्या पानांवर पातोळ्या करा, नाहीतर तांदळाच्या घावनात गुंडाळून द्या. सैल असेल तर आधी मंद आचेवर चमचाभर तांदळाची पिठी घालून आटवा. फ्रीजरमध्ये ते महिनाभर नीट राहतं.

७. गणपतीत नारळ आणि केळी ढिगाने येतात. एवढ्याचं करायचं काय?

न फोडलेल्या नारळाची शेंडी काढू नका. शेंडीखाली डोळे असतात आणि ते उघडे पडले की नारळ आतून लवकर बिघडतो. शेंडीसकट, हवेशीर जागी तो काही आठवडे राहतो. फोडलेला मात्र त्याच दिवशी खोवून फ्रीजरमध्ये टाका. पिशवीत पातळ थर करून सपाट गोठवला तर लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो, गोळा करून गोठवला तर दरवेळी सगळाच वितळवावा लागतो. खोवायला वेळ नसेल तर वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी दहा मिनिटं बाहेर काढून ठोकल्या की खोबरं करवंटीपासून बहुधा अख्खं सुटतं. नारळ जास्तच असतील तर सोलकढी करा: एका नारळाच्या दुधाला दहा-बारा आमसुलं, लसूण, मिरची. ती त्याच जेवणात संपवायची.

केळ्यांचं साल काळं पडलं तरी गर चांगला असतो. घारगे करा. तीन पिकलेली केळी कुस्करून त्यात पाऊण वाटी गूळ विरघळवा, दोन चमचे रवा, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाणी एक थेंब नको. वीस मिनिटं झाकून ठेवा, जाडसर पुऱ्या लाटा, मध्यम आचेवर तळा. गूळ वाढवला तर घारगे बाहेरून काळे होतात आणि तेल पितात. तळायचं नसेल तर सोलून, काप करून फ्रीजरमध्ये ठेवा, मुलांच्या मिल्कशेकला उपयोगी पडतात. शिकरण करून ठेवू नये, लगेच खावं.

८. पूजेनंतर पंचामृत आणि प्रसादाचा शिरा उरतो. प्रसाद टाकवत नाही.

पंचामृत देवापुढे दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर नैवेद्यापुरतं छोट्या वाटीत ठेवा आणि उरलेलं फ्रीजमध्ये. त्याच्या दशम्या फार मऊ होतात. वाटीभर पंचामृतात मावेल तेवढी, साधारण दोन वाट्या कणीक भिजवा. पाणी, साखर, तूप काहीच वेगळं लागत नाही. साखर-मधामुळे दशमी लवकर लाल होते, म्हणून तवा मंद ठेवा.

सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं असतं, त्यामुळे तो साध्या शिऱ्यापेक्षा लवकर आंबतो. त्याच दिवशी फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी सांज्याच्या पोळ्या. दोन चमचे दूध शिंपडून शिरा गरम करा आणि गुठळी राहणार नाही असा मळा. लिंबाएवढा गोळा, तेवढीच सैलसर कणीक, पुरणपोळीसारखं लाटणं. गार आणि कोरडा शिरा भरला तर पोळी कडेला फुटते.

९. पुरण उरलं तर आणि पुरणपोळी उरली तर?

पुरण गोठवायचं असेल तर सपाट, पाव-पाव किलोच्या पाकिटांत. दीड-दोन महिने राहतं. वापरण्याच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा आणि वापरण्याआधी कढईत पुन्हा आटवा, कारण वितळताना ते पाणी सोडतं. उलथणं उभं राहिलं म्हणजे झालं. तेच पुरण कडबूला चालतं, आणि तळण नको असेल तर नागपंचमीसारखी दिंडं उकडा.

कट आणि दोन चमचे पुरण यांची आमटी बहुतेक घरी होते. पण लोक कट बाहेर ठेवतात आणि आमटी दुसऱ्या दिवशी करतात, तिथे चुकतं. डाळीचं पाणी फार लवकर आंबतं. त्याच दिवशी करायची नसेल तर कट लगेच फ्रीजमध्ये.

पुरणपोळ्या गरम असताना एकावर एक रचू नका. घाम धरतो आणि मधल्या पोळ्या चिकटतात. जाळीवर गार करून मग डब्यात. दमट हवेत बाहेर एक दिवस, त्यापुढे फ्रीज. गुळपोळी आठ-दहा दिवस बाहेर राहते आणि पुरणपोळी का नाही, असंही विचारतात. गुळपोळीच्या सारणात तीळ, भाजलेलं बेसन, तेल आणि गूळ असतो, पाणी जवळजवळ नसतं. पुरण शिजवलेल्या डाळीचं असतं.

१०. श्रीखंड पाणी सोडतंय. खराब झालं का?

बहुतेक वेळा नाही. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते, ते वर येतं. ढवळून घ्या. आंबट-कडू चव किंवा फेस आला असेल तर मात्र टाका.

उरलेल्याचं पियूष करा: एक वाटी श्रीखंड, दोन वाट्या ताजं, आंबट नसलेलं ताक, जायफळ, केशराच्या चार काड्या, चिमूटभर मीठ. रवीने घुसळा. मिक्सर जास्त फिरला तर लोणी सुटतं. अगदी थोडंच उरलं असेल तर पुरीच्या कणकेत घाला, गोडसर खुसखुशीत पुऱ्या होतात.

११. चिवडा, चकली चार दिवसांत मऊ पडली. पुन्हा कुरकुरीत होते का?

मऊ पडली असेल तर होते, खवट झाली असेल तर होत नाही. हा फरक आधी ओळखा. मूठभर चिवडा तळहातावर चोळून वास घ्या. जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा वास आला तर त्यातलं तेल बिघडलं आहे आणि त्यावर उपाय नाही. सुकं खोबरं आणि शेंगदाणे सगळ्यात आधी खवट होतात.

नुसता मऊ असेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत राहा, किंवा ओव्हनमध्ये ११० अंशांवर दहा मिनिटं. चकलीला १२० अंशांवर दहा मिनिटं. गरम असताना ती मऊच वाटते, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. म्हणून ‘अजून झाली नाही’ म्हणत जाळू नका. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, नाहीतर तिचीच वाफ तिला पुन्हा मऊ करते.

मोठा डबा दिवसातून दहा वेळा उघडला जातो आणि दरवेळी दमट हवा आत जाते. रोजचं लहान डब्यात काढा, मोठा बंद राहू द्या.

१२. शेव आणि चकलीचा चुरा उरला, चकलीची भाजणीही आहे. यांचं जेवण होईल?

होईल. शेवेची भाजी करा, पण फराळाची बारीक शेव आणि खानदेशात भाजीला वापरतात ती जाड, तिखट शेव यांत फरक आहे. फराळाची शेव रश्श्यात दोन मिनिटांत विरघळून पिठलं होतं. तेव्हा रस्सा वेगळा करा: दोन कांदे आणि तीन चमचे सुकं खोबरं खरपूस भाजून, आलं-लसूण घालून वाटा, तेल सुटेपर्यंत परता, काळा मसाला आणि तीन वाट्या गरम पाणी. वाढताना वाटीत आधी शेव, वर रस्सा. शेवेत मीठ असतं, रश्श्यात अर्धंच घाला.

चकलीचा चुरा काकडीच्या कोशिंबिरीवर किंवा मिसळीवर, तोही खाताना. भाजणीची थालीपिठं लावा, पण चकलीच्या भाजणीत तांदूळ जास्त असल्यामुळे ती नुसती थापली तर तुटतात. दोन वाट्या भाजणीला अर्धी वाटी कणीक, एक बारीक कांदा, कोमट पाणी, आणि भिजवून दहा मिनिटं थांबणं. मोहन घातलेला तयार गोळा उरला असेल तर तव्यावर तेल निम्मं करा.

१३. बेसनाचे लाडू बसले आणि रव्याचे दगड झाले.

बेसनाचे बसले म्हणजे तूप जास्त झालं किंवा मिश्रण गरम असताना वळले. ताट पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा वळा. तरीही बसले तर दोन-तीन चमचे भाजलेलं बेसन मिसळा.

रव्याचे कडक झाले म्हणजे पाक पुढे गेला. चार लाडू फोडून वाटीभर गरम दुधात दहा मिनिटं भिजवा आणि मंद आचेवर परतून शिरा करा. दूध लागलं की तो टिकाऊ लाडू राहत नाही. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

१४. गुलाबजामचा पाक भरपूर उरतो. दुसऱ्या कशात वापरता येतो?

गाळून दोन मिनिटं उकळा आणि गार करून फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर चालेल. वाटीभर पाकात साधारण अर्धी ते पाऊण वाटी साखर असते, तो हिशेब धरून नारळीभातात, शिऱ्यात किंवा शंकरपाळीत साखरेऐवजी घाला आणि पाकात जेवढं पाणी आलं तेवढं पाणी किंवा दूध कमी करा. हे विसरल्यामुळेच नारळीभाताचा गिचका होतो.

१५. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं?

शक्यतो पुन्हा तळायला नाहीच. अन्नसुरक्षेच्या सरकारी नियमांनुसार तळणीच्या तेलात पोलर घटक (तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नसतं, पण घरी ते मोजायचं साधन नाही. डोळ्यांनी ओळखा: रंग गडद, बोटाला चिकट, तापताना फेस, नेहमीपेक्षा लवकर धूर. यातलं एकही दिसलं तरी टाका. बरं असेल तर गार झाल्यावर सुती फडक्यातून गाळा, तळाचा काळा गाळ टाका, झाकून अंधारात ठेवा आणि चार-पाच दिवसांत फोडणीला किंवा पराठ्याला संपवा. नव्या तेलात मिसळू नका, नवंही लवकर बिघडतं. मासे तळलेलं तेल वेगळंच.

टाकायचं तेल सिंकमध्ये ओतू नका. गार झाल्यावर ते पाइपच्या कडांना थर धरतं आणि इमारतीचा सामायिक पाइप तुंबतो. जुन्या वर्तमानपत्रात टिपून किंवा बाटलीत बंद करून द्या.

१६. सकाळी साडेसहाला निघतो, जेवतो एक वाजता. कालचं डब्यात नेलं तर चालेल?

ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत आणि नंतर ऑफिसच्या टेबलाखाली डबा सहा तास कोमट राहतो. पहिल्या प्रश्नातला दोन तासांचा नियम इथे सरळ मोडतो. म्हणून कालचं न्यायचं तर कोरडंच: पोळीचा लाडू, थालीपीठ, दशमी, घारगे. कालचा भात, नारळाची आमटी आणि पनीर नको. ऑफिसात फ्रीज असेल तर पोचल्याबरोबर डबा आत ठेवा आणि जेवताना पूर्ण गरम करा.

दहीभात न्यायचा तर सकाळी ताजा भात लावा. गार झाल्यावर दूध आणि फक्त चमचाभर दही घाला. दुपारपर्यंत तो नीट विरजतो आणि आंबट होत नाही.

१७. एकादशीची साबुदाण्याची खिचडी उरली की रबरासारखी होते.

परतू नका, वाफ द्या. पाण्याचा हात लावून चाळणीत पाच मिनिटं. नाहीतर एक उकडलेला बटाटा आणि दोन चमचे राजगिऱ्याचं पीठ घालून कुस्करा आणि थालीपिठं थापा. भिजवलेला कोरा साबुदाणा झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो.

१८. धुळवडीचं मटण आणि माशाचं कालवण यांचं काय?

मटणाचा रस्सा फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. वर जमलेली तर्री काढून तिच्यात कांदा परता आणि रस्सा पाण्याऐवजी घेऊन पुलाव करा. माशाचं कालवण एक रात्र मुरलं की चव येते, पण एकच रात्र. गरम करताना पळी घालू नका, पातेलं धरून फिरवा, नाहीतर तुकडा मोडतो. तिसऱ्या, कालवं हे शिंपल्यांतले प्रकार त्याच जेवणात संपवा.

१९. वीज गेली तर फ्रीजमधलं किती वेळ टिकतं?

दार उघडलं नाही तर फ्रीजमध्ये साधारण चार तास. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. वीज जाण्याची सूचना आधी आली असेल तर बाटल्यांत पाणी गोठवून फ्रीजरच्या मोकळ्या जागेत ठेवा. परत आल्यावर पदार्थावर बर्फाचे कण दिसत असतील तर तो पुन्हा गोठवता येतो. पूर्ण वितळून कोमट झालेला मात्र पुन्हा गोठवू नका.

२०. मुळात कमी उरावं म्हणून किती करायचं?

पोळी किंवा पुरी असलेल्या पंगतीत माणशी ५०-६० ग्रॅम तांदूळ पुरे, म्हणजे किलोभर तांदळात सोळा ते वीस जण. श्रीखंड माणशी १०० ते १२५ ग्रॅम. एक किलो हरभरा डाळीच्या पुरणात पस्तीस-चाळीस मध्यम पोळ्या, एक किलो कणकेत साठ-सत्तर पुऱ्या. सगळ्यात जास्त उरतात त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भाज्या, कारण ताटात तीच एक भाजी आहे असा अंदाज धरून प्रत्येक भाजी केली जाते. तीन भाज्या असतील तर प्रत्येकीचं प्रमाण निम्मं करा.

२१. खरंच जास्त उरलं तर कोणाला द्यावं? गायीला घातलं तर चालतं ना?

माणसांना द्यायचं असेल तर ताटं वाढण्याआधीच बाजूला काढा. उष्टं, तीन तास टेबलावर राहिलेलं, दोन भाज्या एकत्र केलेलं देऊ नका. आधी विचारा, मग गरम असताना, काय आहे ते सांगून द्या. सोसायटीचे सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या ताई, जवळचं बांधकाम: घेणारा तेव्हा जेवणार आहे का, हे बघा. रात्री अकराला दिलेला भात सकाळी खाल्ला गेला तर तिसऱ्या प्रश्नातलाच धोका त्यांच्या घरी जातो.

गायीला एखादी पोळी ठीक. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी दहा घरांतून भात, पुरण, पुऱ्या मिळाल्या की तिच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, ती दगावूही शकते. चाऱ्यावर पोसलेलं पोट असतं ते. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर कधीच ठेवू नका, ती पिशवीसकट खाते.

उरलेलं ओल्या कचऱ्यात. आमटीचं पाणी निथळून मगच, म्हणजे डबा गळत नाही. सोसायटीत खताचा खड्डा असेल तर तेलकट, खारट पदार्थ थोडे थोडे घाला आणि प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट सुका पाला किंवा कोकोपीट पसरा. वास यायला लागला तर खड्डा ओला झाला आहे, दोन दिवस फक्त सुकं घालून खालीवर करा.